तक्रार ‘आपोआप’ या शब्दाविषयी

एकपेशीय जीवांना बुद्धी असते की ते केवळ आपोआप प्रतिसाद देतात, या प्रश्नावर वाद होतो तो नेहमी ‘बुद्धी’ या शब्दावरून. माझी जुनी तक्रार ‘आपोआप’ या शब्दाविषयी आहे.

हर्बर्ट स्पेन्सर जेनिंग्ज या अमेरिकी प्राणिशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या आरंभी स्टेंटर रोसेली या तुतारीच्या आकाराच्या एकपेशीय जीवावर लाल रंगाच्या बारीक कणांचा मारा केला. आधी त्या जीवाने दुर्लक्ष केले. मग तो एका बाजूला वाकला. कण येतच राहिले तेव्हा तोंडाभोवतीच्या सूक्ष्म केसांची हालचाल उलटी फिरवून त्याने ते परतवले. तेवढ्याने भागेना म्हणून तो आपल्या नळीत आखडून बसला आणि अनेकदा आखडूनही त्रास थांबेना, तेव्हा बूड सोडवून चक्क निघून गेला. (शेजारी रोज रात्री भिंतीत खिळे ठोकतात अशा श्रोत्यांना हा क्रम ओळखीचा वाटेल.)

1967 साली हा प्रयोग पुन्हा करून पाहिला गेला, फसला, आणि जेनिंग्जचे निरीक्षण अडगळीत पडले. त्या वेळी वापरलेली जात मात्र वेगळी होती: स्टेंटर सेरुलियस. हिला एका जागी चिकटून राहण्यापेक्षा पोहत हिंडणेच अधिक पसंत! वैतागून घर सोडतो का हे पाहायचे आणि त्यासाठी मुळात घरी न टिकणारा निवडायचा, याला काय म्हणावे? अखेर 2019 मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी योग्य जात मिळवून तिच्यावर प्लास्टिकचे सूक्ष्म मणी सोडले. प्रत्येक जीवाने सगळ्या पायऱ्या क्रमाने ओलांडल्या नाहीत; तरी अनेक नोंदी एकत्र पाहता क्रम जेनिंग्जने सांगितला तसाच निघाला. शिवाय आखडायचे की निघून जायचे, हा शेवटचा टप्पा नाणेफेकीसारखा असल्याचे दिसले.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, त्यामुळे मूळ मुद्दा घाईने मांडतो. पेशीत जे घडते ते रसायनांमुळेच घडते, हे मला मान्य आहे. पण आपल्या मेंदूतील पेशींचेही तसेच असल्यामुळे तेवढ्याने निवाडा होत नाही. खरी कसोटी अशी की, तोच उद्दीपक पुन्हा आला असता आधी घडलेल्या गोष्टींमुळे प्रतिसाद बदलतो का? ई. कोलाय हा जीवाणूसुद्धा आताच्या द्रावणाची तुलना काही सेकंदांपूर्वीच्या द्रावणाशी करतो, आणि ती आठवण त्याच्या ग्राहक प्रथिनांना, म्हणजे बाहेरची रसायने ओळखणाऱ्या प्रथिनांना, जोडलेल्या मिथाइल गट नावाच्या छोट्या रासायनिक खुणांत असते. याला मी बुद्धी म्हणणार नाही. पण दाराच्या घंटेला असली आठवण नसते.

याहून अवघड उदाहरण फायसॅरम या बुरशीसारख्या दिसणाऱ्या, पण असंख्य केंद्रके असलेल्या एकाच पेशीचे आहे. 2008 साली प्रसिद्ध झालेल्या जपानी प्रयोगात तिला ठरावीक अंतराने तीनदा थंड, कोरडी हवा दिली आणि प्रत्येक वेळी तिची सरकण्याची गती मंदावली. चौथ्या वेळी हवा बदललीच नाही. तरीही नेमक्या त्या सुमारास ती अनेकदा मंदावली.