संक्रांतीचं वाण: दूध-तूप न घालता, घरच्या घरी

नमस्कार मंडळी! सकाळी इतका कोहरा होता की समोरच्या घराची गच्ची दिसत नव्हती. हो, आम्ही ग्वाल्हेरच्या लश्कर भागातली मराठी माणसं कोहराच म्हणतो, धुकं नाही. पण आता ऊन आलंय, तीळ निवडून झालेत, आणि आजचा विषय माझ्या फार जवळचा आहे. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंतच्या हळदीकुंकवाला लुटायचं वाण. खायचं, घरी केलेलं, आणि व्हीगन. म्हणजे त्यात दूध नाही, तूप नाही, खवा नाही, मधही नाही.

आता कोणी विचारेल, हे कुठून काढलंस? सांगते.

माझी एक भाची पुण्याला शिकते. तिने दूध आणि दुधाचं सगळंच सोडलंय, तिच्या विचाराने, शांतपणे, कोणाशी वाद न घालता. गेल्या वर्षी ती संक्रांतीला इथे होती. आम्ही दोघी तीन घरी हळदीकुंकवाला गेलो. प्रत्येक घरी तिच्या हातावर तिळाचा लाडू ठेवला गेला, आणि प्रत्येक वेळी तिने हळूच विचारलं, "काकू, तूप आहे का यात?" उत्तर एकच. "अगं, एवढंसंच आहे, हाताला लावण्यापुरतं. त्याने काय होतंय?" तिने तिन्ही लाडू रुमालात बांधून घरी आणले आणि माझ्यापुढे ठेवले. मग मी मोठ्या हौसेने बाजारातून गजक आणली, म्हणजे आपल्याकडची तीळ-गुळाची खुसखुशीत मिठाई. दुकानात दोनदा विचारलं होतं, तूप नाही असं सांगितलं होतं. घरी येऊन पाकिटामागचं बारीक अक्षर वाचलं तर तूप होतंच. ती काही बोलली नाही, चहासुद्धा काळाच प्यायली. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही. तिळगूळ घ्या, गोड बोला असं म्हणायचं आणि घेणारीला खाता येणार नाही असं द्यायचं, हे मनाला पटेना.

मग मी सुगडाकडे बघितलं. हे बघा. (सुगड कॅमेऱ्यासमोर धरते.) यात काय घालतो आपण? उसाचे करवे, बोरं, गाजर, हरभऱ्याचे घाटे, गव्हाच्या ओंब्या, तीळ, गूळ. आहे का एक तरी गोष्ट दुधाची? नाही. संक्रांतीचं मूळ वाण हे शेतातून आलेलं आहे. तूप नंतर सवयीने येतं, आणि येतं तेही तीनच वाटांनी: पाकात चमचाभर, ताटाला हात फिरवताना, आणि लाडू वळताना तळहाताला. तिन्ही ठिकाणी त्याचं काम एकच, चिकटू न देणं. ते काम तेलही करतं.

पण कुठलं तेल? इथे थांबते जरा, कारण पहिल्या वेळी मी इथेच चुकले. आपल्या ग्वाल्हेर-मुरैना भागात घरोघरी सरसोचं तेल. हाताशी होतं तेच मी ताटाला लावलं, आणि सगळ्या वड्यांना झणका आला. तिळाचा वास फार नाजूक असतो हो, सरसो त्याला दाबून टाकते. म्हणून शेंगदाण्याचं रिफाइंड तेल घ्या, त्याला वास नसतो. किंवा खायचं खोबरेल घ्या. खोबरेल साधारण 24 अंशांखाली गोठतं, त्यामुळे जानेवारीत आपल्याकडे बाटलीत दगडच होऊन बसतं. बाटली कोमट पाण्यात ठेवली की सुटतं. थंडीत घट्ट होणारं हे तेल लाडवात तुपासारखंच वागतं, म्हणून बेसनाचे लाडू करायचे असतील तर बेसन खोबरेलातच भाजा. चव वेगळी येते, छान येते. फक्त असे लाडू उन्हाळ्यात कोणाला पाठवू नका, बसतात.

चला, कढई. पंचवीस जणींना प्रत्येकी तीन लाडू द्यायचे असा हिशेब धरू. तीळ 600 ग्रॅम, चिक्कीचा गूळ 600 ग्रॅम, भाजून सोललेल्या शेंगदाण्याचं भरड कूट 240 ग्रॅम, किसलेलं सुकं खोबरं 120 ग्रॅम, वेलदोडे आणि थोडं जायफळ. साधारण 20 ग्रॅमचा एक धरला तर पंचाहत्तरच्या वर लाडू होतात. मी सामान इथल्या दानाओली बाजारातून आणते. तीळ शक्यतो बिनपॉलिशचे घ्या. बुंदेलखंडात तीळ भरपूर पिकतात, त्यामुळे आपल्याकडे ते सहज मिळतात. दिसायला मळकट असतात, पण भाजताना घर भरून जातं.

तीळ मंद आचेवर भाजायचे आणि हात थांबवायचा नाही. तडतडायला लागले, एखादा उडून बाहेर पडला, की लगेच परातीत काढा. कढईत राहू दिले तर कढईच्या उष्णतेनेच करपतात आणि कडू होतात. खोबरंही हलकं भाजून घ्या.

आता पाक. हे मी दोन घाण्यांत करते आणि तुम्हीही तसंच करा, कारण आपल्या थंडीत सारण डोळ्यांदेखत आवळतं. अर्धा गूळ, त्यात एक चमचा शेंगदाणा तेल, आच मंद. गूळ विरघळला, फेस आला, की वाटीत गार पाणी घेऊन त्यात थेंब टाकायचा. पसरला तर थांबा. बोटांनी गोळा करता आला, मऊसर गोळी झाली, की झाला गोळीबंद पाक, गॅस बंद. याच्या पुढे गेलात आणि गोळी वाटीवर टणकन वाजली तर तो चिक्कीचा पाक. वायाही जात नाही. चिमूटभर खायचा सोडा घाला, पाक फुलून येतो, आणि लाडवांऐवजी कुरकुरीत चिक्की करा. गूळ किंचित आंबट असतो, सोड्याशी गाठ पडली की बारीक बुडबुडे धरतात, त्यामुळे चिक्की दाताला दगड लागत नाही.

तीळ, कूट, खोबरं, वेलदोडा सगळं एकदम घालून हलवा. आणि एक युक्ती: कढई उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर ठेवून लाडू वळा. शेवटच्या लाडवापर्यंत सारण मऊ राहतं. हाताला तेलाचा थेंब. पाण्याचा हात नको, त्याने लाडू ओलसर होतात आणि टिकत नाहीत.

(एक लाडू वळून दाखवते.) बघा, चमकतोय ना?

काटेरी हलवा विकत आणणार असाल तर एक विचारून घ्या. साखरेच्या पाकाची मळी काढायला त्यात थोडं दूध घालायची जुनी रीत आहे. घरी करत असाल तर दूध न घालता पाक फडक्यातून गाळून घ्या. आणि पाकिटावरच्या हिरव्या ठिपक्यावर विसंबू नका. तो ठिपका म्हणजे शाकाहारी, आणि त्यात दूध-तूप चालतं. व्हीगनसाठी अन्न सुरक्षा प्राधिकरणाने 2021 मध्ये वेगळं चिन्ह आणलं, हिरव्या रंगात इंग्रजी व्ही आणि त्यावर छोटं पान. मुरैनाच्या गजकेला 2023 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आपल्या भागाच्या अभिमानाची गोष्ट आहे, आणि मुळात ती तीळ आणि गूळच. पण हल्ली तुपाची, खव्याची गजकही निघते. सुटी घेऊ नका, पाकीट वाचा.

लाडवांच्या जोडीला मी मेतकूट देते. इथे जन्मलेल्या आपल्या कितीतरी मुलींना मेतकूट ठाऊकच नाही, म्हणून मुद्दाम देते. एक वाटी चणाडाळ, अर्धी वाटी उडीदडाळ, पाव वाटी तांदूळ, दोन चमचे गहू. धणे दोन चमचे, जिरं एक, मेथ्या आणि मोहरी अर्धा-अर्धा. प्रत्येक जिन्नस वेगळा, कोरडाच भाजायचा, कारण मेथ्या आधी जळतात आणि डाळीला वेळ लागतो. गार झालं की हळद, हिंग, सुंठ घालून बारीक दळायचं आणि चाळायचं. मेतकूट पहिल्यापासूनच बिनदुधाचं. खायची सवय मात्र मऊ भात, मेतकूट, तूप अशी. म्हणून सोबतच्या चिठ्ठीवर मी लिहिते: "गरम मऊ भातावर मेतकूट, मीठ आणि तिळाच्या तेलाची धार." दहीही नको. कांदा, मेतकूट आणि कच्चं तेल घालून पोहे कालवले तर जेवणच होतं.

तीळ-लसणीची चटणी सगळ्यांना येते, ती सांगत बसत नाही.

बांधायचं कसं? काचेची छोटी बरणी मेतकुटाला, लाडवांना बटर पेपर आणि वर जुन्या साडीच्या तुकड्याची पिशवी. सकाळी भरू नका. हवेत दमट गारवा असतो आणि गूळ तो लगेच ओढून घेतो. दुपारी उन्हं असताना भरा आणि झाकण घट्ट लावा. चिठ्ठीवर केल्याची तारीख आणि सगळे जिन्नस लिहा, तीळ आणि शेंगदाणे ठळक, कारण काहींना त्यांचा त्रास होतो. आणि खाली एक ओळ: "यात दूध, तूप, मध नाही." ही ओळ लिहिली की कोणाला दारात उभं राहून हळूच विचारावं लागत नाही.

ही पहिली पिशवी भाचीची. उद्या पुण्याला निघणाऱ्या शेजाऱ्यांबरोबर पाठवतेय. बरणीवर मी तिचं नाव लिहिलंय आणि पाच लाडू जास्तीचे घातलेत, तिच्या खोलीतल्या मैत्रिणींसाठी. चला, दुसऱ्या घाण्याचा गूळ चढवते.