कुंभाराचं गाढव आणि डायनासोर

(नागपुरात झालेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मंडळी, बर्डीच्या टेकडीवर आपण गणपतीला जातो, पण पायाखालचा काळा दगड कोणी बघत नाही. तो बेसाल्ट आहे, म्हणजे गोठलेला लाव्हा. साधारण 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून तो थरावर थर पसरत गेला. झिजून झिजून आज जो उरलाय, तोच सुमारे 5 लाख चौरस किलोमीटर भरतो. नागपूर त्याच्या पूर्वेच्या काठावर. इथून कामठीकडे निघालात की दगडाची जात बदलते.

दोन उद्रेकांच्या मधल्या काळात तळी साचायची, त्यांत गाळ बसायचा, आणि पुन्हा लाव्हा आला की तो गाळ खाली दाबला जायचा. 1845 मध्ये इथे आलेले पाद्री स्टीफन हिस्लॉप (कॉलेजचं नाव सगळ्यांना ठाऊक आहे, माणूस फारसा नाही) यांनी टाकळीच्या अशा थरांतून गोगलगाई, मासे, बिया गोळा केल्या. 1863 मध्ये टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून परतताना ते पुराच्या पाण्यात बुडाले. डायनासोर नाहीसे झाले ते नेमके याच लाव्ह्याच्या काळात, हे काही त्यांना कळायचं नव्हतं.

डायनासोर काहून मेले, असं शाळेतल्या पोरालाही विचारा. उत्तर ठरलेलं: आकाशातून मोठा धोंडा पडला. हे उत्तर तसं नवीनच आहे. 1980 मध्ये लुईस आणि वॉल्टर अल्वारेझ या बापलेकांनी दोन सहकाऱ्यांसोबत दाखवलं की, इटलीतल्या गुब्बिओजवळ त्या काळाच्या चिकणमातीच्या पातळ थरात इरिडियम भलतंच जास्त आहे. हा धातू पृथ्वीच्या कवचात दुर्मीळ, लघुग्रहांत मुबलक. पुढे मेक्सिकोत चिक्सुलुबचं सुमारे 180 किलोमीटर व्यासाचं विवर ओळखलं गेलं आणि बहुतेकांना वाटलं, आरोपी सापडला.

‘आरोपी’ हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. आपल्या मनाला घटनेमागे कुणीतरी एक लागतो. नोव्हेंबर 1817 मध्ये याच सीताबर्डीवर अप्पासाहेब भोसल्यांची फौज इंग्रजांपुढे हरली. विचारा कुणालाही, काहून हरली? कोणी म्हणेल फितुरी, कोणी म्हणेल अप्पासाहेबांचं कचखाऊ मन, कोणी 1816 च्या तैनाती फौजेच्या तहावर बोट ठेवेल. प्रत्येक जण एकेका कारणाची बाजू वकिलासारखी लढवतो.

यावर उतारा म्हणून शहाणी माणसं म्हणतात, “कारणं अनेक असतात.” हे वाक्य मला त्याहून धोक्याचं वाटतं. अनेक म्हणजे किती? नि सगळी सारखीच का? पुष्कळदा तो विचार थांबवायचा सभ्य मार्ग असतो.

आपल्या नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या तर्कपंडितांनी, हा प्रश्न नीट सोडवायला घेतला होता. घडा कशामुळे झाला? मातीमुळे, कुंभारामुळे, चाकामुळे, चाक फिरवायच्या दंडामुळे. आणि ज्या गाढवावरून माती आली, त्याचं काय? कुंभाराच्या बापाचं काय? ते नसते तर हाच घडा झाला नसता, हे खरंच. तरी नैयायिक त्यांना कारणांतून वगळतात, ‘अन्यथासिद्ध’ म्हणतात. माती डोक्यावरून आणली तरी घडा होतोच. आधी हजर होता एवढ्यावर कुणी कारण ठरत नाही.

आता हीच चाळणी डायनासोरांना लावू. सैबेरियात सुमारे 25 कोटी वर्षांपूर्वी असाच अफाट लाव्हा वाहिला, आणि त्याच सुमारास पृथ्वीवरचा सर्वांत मोठा जीवसंहार झाला. म्हणजे लाव्हा हे प्रकरण निरुपद्रवी नाही. उलट बाजूला, सैबेरियातच पोपिगाईचं सुमारे 100 किलोमीटरचं विवर आहे, साडेतीन कोटी वर्षांपूर्वीचं. त्या आघाताशी असा महासंहार जोडता येत नाही. म्हणजे नुसता मोठा धोंडा पडून भागत नाही. चिक्सुलुबचा आघात त्याहून कितीतरी मोठा होताच, शिवाय तिथल्या खडकात जिप्सम होतं. ते उडालं, गंधक हवेत गेलं, सूर्य झाकला गेला. कुठे पडला, हेही कारणात धरावं लागतं.

मग आपला दख्खनचा लाव्हा कुठे बसवायचा? 2019 मध्ये दोन गटांनी त्याच्या थरांची वयं एकाच वेळी प्रसिद्ध केली. प्रिन्स्टनच्या गटाने झिर्कॉन या खनिजाचे स्फटिक तपासून सांगितलं की, आघाताच्या हजारो वर्षं आधी एक मोठा उद्रेक झाला. बर्कलीच्या गटाने दगडातला आरगॉन वायू मोजून काढलं की, सुमारे तीन चतुर्थांश लाव्हा आघातानंतर आला. हे दुसरं खरं असेल, तर एवढ्या लाव्ह्याला संहाराचं कारण म्हणताच येणार नाही. फार तर सावरायला उशीर लावला म्हणून त्याला जाब विचारता येईल.

मला विचाराल तर मुख्य निमित्त आघातच. लाव्ह्याला मात्र मी अजून गाढवाच्या रांगेत ढकलणार नाही. आघाताआधी किती गंधक नि कर्बवायू हवेत गेला, याचा हिशेब पक्का व्हायचाय, आणि त्यासाठी लागणारा दगड आपल्याच मुलखात पडलाय.