पेवाचं तोंड

(लघुमाहितीपट: निवेदन)

[दृश्य: हरिपूर, कृष्णा-वारणेचा संगम. सकाळचं धुकं.]

कृष्णा आणि वारणा जिथं भेटतात, ते हरिपूर. सांगलीला खेटून. इथल्या जमिनीच्या पोटात खोल खड्डे आहेत. तोंड अरुंद, माणूस जेमतेम उतरेल एवढं. आत मात्र पोट सुटलेलं. ही हळदीची पेवं. हळद भरायची, तोंड लिंपून टाकायचं. आत हवा खेळत नाही, म्हणून कीड जगत नाही, आणि हळद वर्षानुवर्षं टिकते. पेव उघडल्यावरही लगेच कुणी आत उतरत नाही, आधी हवा खेळू देतात. 2005 च्या महापुरात यातली बरीच पेवं पाण्याखाली गेली, खचली. आता माल कोल्ड स्टोरेजला जातो.

आपण आज उतरणार आहोत ते दुसऱ्याच एका पेवात, छापलेल्या संशोधन-लेखांच्या.

[दृश्य: कॉलेजचं ग्रंथालय. कोपऱ्यातला संगणक.]

ही एम.ए. भूगोलाच्या दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी. गाव हरिपूर. तिच्या आजोबांनी तरुणपणी पेवं भरली आणि उपसली. डिझर्टेशनचा, म्हणजे एम.ए.साठी लिहायच्या प्रबंधाचा, विषयही तिनं तोच घेतला. सरांनी एवढंच सांगितलं, "आधी यावर कुणी काय लिहिलंय ते बघून ये."

तिनं मोबाइलवर प्रश्न टाकला. उत्तरात आले हळदीच्या दुधाचे फायदे आणि चेहऱ्याला लावायचे लेप. पी हळद, हो गोरी! दोन दिवसांनी ती ग्रंथपाल मॅडमपुढं उभी राहिली.

"मॅडम, माझ्या विषयावर काहीच नाहीये."

"नाहीये, का सापडलं नाही?"

सगळी गोष्ट या एका प्रश्नापासून सुरू होते.

मॅडमनी तिला आधी लॉग-इन करायला लावलं. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राची 'एन-लिस्ट' ही योजना आहे. कॉलेज तिचं सभासद झालं की तिथल्या मुलांना हजारो जर्नल्स, म्हणजे संशोधनाची नियतकालिकं, घरबसल्या वाचता येतात. केंद्र सरकारनं नोव्हेंबर 2024 मध्ये 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' मंजूर केलं. 2025 ते 2027 या तीन वर्षांसाठी 6,000 कोटी रुपये, 30 प्रकाशक आणि सुमारे 13,000 जर्नल्स. सुरुवात सरकारी संस्थांपासून. एकेका लेखाला परदेशी प्रकाशक जी किंमत लावतात, ती बघितली की या आकड्यांचा अर्थ कळतो. आणि आमच्या पोरांचा पासवर्ड मात्र प्रवेश घेतल्यापासून ई-मेलमध्ये तसाच पडून. उघडला असेल तर शपथ!

[दृश्य: पडद्यावर शोधाची चौकट. लुकलुकणारा कर्सर.]

तिनं इंग्रजीत 'टर्मरिक' टाकलं, आणि लेखांचं अक्षरशः पेव फुटलं. उंदरांवरचे प्रयोग, कर्करोग, सांधेदुखी, कापडाचा रंग. सगळीकडे कर्क्युमिन, म्हणजे हळदीला पिवळेपणा देणारं द्रव्य. हरिपूर कुठंच नाही.

मग तिनं घरातला शब्द टाकला, 'राजापुरी'. सांगलीच्या सौद्यात राजापुरी म्हटलं की हळदच. लेखांच्या या साठ्याला, म्हणजे डेटाबेसला, ते काय माहीत? त्यानं राजापुरी आंबा काढला आणि राजापुरी केळी काढली. फळबाग भरली, हळद नाही.

"यंत्राला आपला बाजार कळत नाही," मॅडम म्हणाल्या. "लिहिणाऱ्यानं जे नाव दिलंय, त्याच नावानं लेख आत पडलाय. ते नाव काय असेल, एवढंच आपण ओळखायचं."

आता बघा, शेतात हळद काढल्यावर आपण ती शिजवतो. शेतीच्या इंग्रजीत त्याला कुकिंग नव्हे, 'क्युअरिंग' म्हणतात. नुसतं क्युअरिंग शोधलंत तर सिमेंट काँक्रीटवर पाणी मारायला लागाल, कारण बांधकामातही तोच शब्द. म्हणून दोन शब्दांमध्ये 'अँड' घालायचा. बाजारात 'आणि' म्हटलं की पिशवी जड होते, इथं ती हलकी होते. दोन्ही शब्द ज्यात आहेत तेवढेच लेख उरतात. 'ऑर'चं उलटं. टर्मरिक ऑर कर्क्युमा लाँगा, म्हणजे बाजारातलं नाव चालेल नाहीतर वनस्पतिशास्त्रातलं. 'नॉट' जपून वापरायचा. कर्क्युमिन नको म्हणालात तर त्याचा एका ओळीत उल्लेख करणारा कामाचा लेखही हातचा जातो. आणि दोन शब्द एकत्रच हवे असतील, तर अवतरणचिन्हांत टाकायचे.

एवढं करूनही पेव सापडेना. तोंड उघडलं ते एका किड्यामुळं.

[दृश्य: हळकुंडाला पडलेलं बारीक भोक, जवळून.]

साठवलेल्या हळदीला पोखरणारा एक भुंगेरा आहे. तंबाखूलाही लागतो, म्हणून इंग्रजीत त्याला 'सिगारेट बीटल' म्हणतात. शास्त्रीय नाव लॅसिओडर्मा सेरिकॉर्न. मॅडमनी विचारलं, "हळद पेवात का ठेवायची गं?" ती म्हणाली, "कीड लागू नये म्हणून." "मग कीड शोध की!" किड्याच्या नावानं साठवणुकीचे लेख आले. एकाच्या सारांशात तिला शब्द दिसला, 'हर्मेटिक स्टोरेज'. हवाबंद साठवण. आजोबा आयुष्यभर जे करत आले, त्याचं हे शास्त्रातलं नाव. तो शब्द टाकल्यावर जमिनीखालच्या कोठारांचे लेख एकामागून एक निघाले.

पोरगी हरखली. पहिलीच पीडीएफ उतरवून निघाली होती. मॅडमनी थांबवलं, "एका हळकुंडानं पिवळी होऊ नकोस. शेवटची पानं बघ." लेखाच्या शेवटची संदर्भयादी म्हणजे मागच्या पिढ्यांचा माग. आणि 'साइटेड बाय' म्हणजे पुढं कुणी कुणी हा लेख वापरला त्याचा. एक चांगला लेख हाताला लागला की निम्मं काम यादीच करते. पन्नास वेळा नवे शब्द टाकत बसण्यापेक्षा हे बरं, असं आमचंही मत.

जुना लेख शोधून काय होतं, हे हळदीनं एकदा साऱ्या जगाला दाखवलंय. 1995 मध्ये अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला पेटंट मिळालं, हळदीनं जखम भरते याचं! आपल्याकडं कापलं-भाजलं की आई आधी हळद दाबते. पण पेटंट कार्यालयाला आईची साक्ष चालत नाही, छापील पुरावा लागतो. तेव्हा सीएसआयआरचे, म्हणजे देशाच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे, प्रमुख डॉ. रघुनाथ माशेलकर होते. संस्थेनं 32 संदर्भ गोळा केले. त्यात जुने ग्रंथ होते, आणि 1953 साली 'जर्नल ऑफ द इंडियन मेडिकल असोसिएशन'मध्ये छापलेला एक लेखही होता. 1997 मध्ये पेटंट रद्द झालं. तो लेख चाळीस वर्षं कुठल्यातरी कपाटात पडून होता. कुणीतरी तो काढला.

[दृश्य: पुन्हा ग्रंथालय. पंख्याचा आवाज.]

सगळंच उघडं नसतं. काही लेखांचा सारांश दिसतो आणि पुढं कुलूप. अशा वेळी लेखाचा डीओआय क्रमांक उतरवून घ्यायचा. तो 10 नं सुरू होतो आणि लेखाचा पत्ता बदलला तरी तोच राहतो. मॅडमनी असे तीन क्रमांक लिहून कोल्हापूरला, शिवाजी विद्यापीठाच्या ग्रंथालयाला पाठवले. काही लेखकांना थेट मेलही केला. लेखक बहुतेकदा आनंदानं पाठवतात. आपलं कुणी वाचतंय याचं त्यांनाही अप्रूप असतं.

शेवटी 'शोधगंगा'. देशभरातल्या विद्यापीठांचे पीएचडीचे प्रबंध तिथं फुकट वाचता येतात, प्रकरणागणिक वेगळ्या फाइली करून ठेवलेले. मराठी प्रबंधही आहेत. पण त्यातल्या कित्येकांची पानं नुसती स्कॅन केलेली, म्हणजे यंत्राच्या लेखी चित्रं. आत 'पेव' शंभर वेळा लिहिलेलं असलं तरी शोधाला ते दिसत नाही. शीर्षक रोमन लिपीत असेल तर प्रत्येकाचं स्पेलिंग निराळं. तिथं तिनं डोळ्यांनीच अनुक्रमणिका चाळल्या. तीन दुपारी गेल्या. आळस करून चालत नाही, दुसरा मार्गच नाही.

[दृश्य: हरिपुरातलं घर. ओसरीवर आजोबा, शेजारी लॅपटॉप.]

मार्चमध्ये डिझर्टेशन पूर्ण झालं. सारांशाखाली पाच कीवर्ड, म्हणजे पुढच्यांना लेख सापडावा म्हणून द्यायचे शब्द, लिहायचे होते. हळद, सांगली, हवाबंद साठवण, हरिपूर हे चार तिनं झटकन लिहिले. पाचव्यापाशी अडली.

"आजोबा, पेव इंग्रजीत कसं लिहू?"

"पेव म्हणजे पेव. त्यात इंग्रजी काय?"

तिनं ते आधी देवनागरीत लिहिलं. मग रोमन अक्षरांत, एकदा शेवटी 'व्ही' घालून, एकदा 'डब्ल्यू' घालून आणि एकदा पुढं 'ए' जोडून.

पाचाच्या जागी आठ शब्द झाले. सरांनी खोडले नाहीत.