गारांनंतरचा डोंगर आणि भुऱ्याचे पाय

नमस्कार, श्रोते हो.

फाल्गुन लागला की आमच्या मोर्शी-वरूडकडच्या संत्रा पिकवणाऱ्या शेतकऱ्याचं अर्धं लक्ष वावरात आणि अर्धं आभाळात असतं. दुपारी ऊन चटके देतं, पळस पेटलेला असतो, आणि चारच्या सुमारास सातपुड्याच्या अंगानं एखादा ढग काळाभोर होऊन वर चढायला लागतो. बंगालच्या उपसागराकडून आलेली ओल, उत्तरेकडून उतरलेली कोरडी गार हवा आणि खाली तापलेली जमीन, एवढं जुळून आलं की तो ढग गारा घेऊनच येतो. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये जी गारपीट झाली, ती आमच्या भागात कुणी विसरलेलं नाही.

आज मात्र मी संत्र्याबद्दल बोलणार नाही. गारपिटीनंतर डोंगरावर जाण्याबद्दल बोलणार आहे, आणि तेही कुत्र्याला सोबत घेऊन. आमचा भुऱ्या गावठी कुत्रा आहे. रंगानं भुरा, म्हणून भुऱ्या. माझं वावर डोंगराच्या पायथ्याशी आहे. वर कपारीत महादेवाचं ठाणं आहे, तिथवर चढायला मला दीड तास लागतो. गेली सहा वर्षं दर सोमवारी आम्ही दोघं वर जातो.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. रविवारी संध्याकाळी पंधरा-वीस मिनिटं गारा पडल्या. संत्र्याचा मृगाचा बहार, म्हणजे पावसाळ्यात फुललेला, तोडायला आला होता आणि आंबिया, म्हणजे थंडी सरताना फुलणारा बहार, फुलावर होता. सकाळी बागेत गेलो तर झाडाखाली संत्र्यांचा सडा, पानांचा चुरा, आणि त्यात अजून न विरघळलेल्या गारा. मला तिथं उभं राहवेना. सोमवार होताच. काठी घेतली, भुऱ्याला हाक मारली आणि डोंगराची वाट धरली. त्या दिवशी निघायलाच नको होतं, हे मी आज सांगू शकतो. तेव्हा मला फक्त बागेकडे पाठ करायची होती.

पायथ्याला आमची काळी माती. ही माती पाणी प्याली की फुगते आणि जे पाऊल तिच्यावर पडेल त्याला धरून ठेवते. माणसाची चप्पल शेरभर जड होते, हे आपल्याला माहीत आहे. कुत्र्याचं काय होतं, हे मी त्या दिवशी वाकून पाहिलं. त्याच्या चार बोटांच्या मधल्या खाचांत माती भरते. चालता चालता ती दाबली जाते, वरून ऊन लागलं की सुकते आणि गोटीसारखी टणक होते. मग प्रत्येक पावलाला ती गोटी बोटं फाकवते. मी अंगठ्यानं एक गोटी काढली तर तिच्यावर त्याच्या बोटांचा छाप होता आणि आतली कातडी लाल झालेली.

थोडं वर गेलं की काळी माती संपते आणि मुरूम लागतो. चालणं सोपं होतं, पण काळ्या दगडावर चिखलाचा पातळ थर बसलेला असेल तर तो साबणासारखा निसटता होतो. अशा वेळी दगडावर पाय देऊ नका, दगडाच्या कडेला गवताचा बुडखा असतो, त्यावर द्या. कुत्रं हे आपसूक करतं. भुऱ्या कुठून जातो ते पाहून पाऊल टाकायची सवय मला तिथंच लागली.

अर्ध्या चढणीवर एक गुराखी भेटला. म्हणाला, "भाऊ, थ्या नाल्यातून नोका जाऊ. गारीचा थर हाय तिथं. बकऱ्या घसरल्या माह्या."

नाला खोल, दोन्ही बाजूंनी झाडी, सूर्य तिथं दहा वाजल्याशिवाय पोहोचत नाही. वरच्या उतारावरच्या सगळ्या गारा पाण्याबरोबर वाहून तिथं साचल्या होत्या. रात्रीच्या गारव्यानं एकमेकींना चिकटून त्यांचा पत्रा झाला होता, हातभर जाड, वरून करडा, त्यात पळसाची फुलं आणि पानं गोठलेली. आमच्या विदर्भात बर्फ म्हणजे रसवंतीवरचा. डोंगरात असा पसरलेला बर्फ मी आयुष्यात पहिल्यांदा पाहत होतो, आणि गुराख्याचं न ऐकता त्याच्यावर पाय दिला.

भुऱ्या माझ्यामागे आला. चार पावलं टाकली, मग थांबला. पुढचा उजवा पाय उचलला, तो टेकवून डावा उचलला. शेपूट खाली. माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "चल रे", आणि तो आला. श्रोते हो, कुत्र्याच्या बाबतीत सगळ्यात मोठी जोखीम हीच आहे. त्याला नको असतं, तरी तुम्ही बोलावलं की तो येतो. माणूस सोबत्याला सांगतो की बस झालं, मागं फिरू. कुत्रं फक्त पाय उचलून दाखवतं, तेही दोन-तीनदाच.

कुत्र्याच्या तळव्याची रचना थंडीसाठी वाईट नाही. तळव्यात शुद्ध रक्ताच्या नळ्यांना लगटून अशुद्ध रक्ताच्या नळ्या असतात. खाली जाणारं गरम रक्त वर येणाऱ्या गार रक्ताला ऊब देतं, त्यामुळे बर्फावर थोडा वेळ उभं राहिलं तरी अंगातली ऊब निघून जात नाही. कुत्र्याच्या अंगाचं तापमान मुळात आपल्यापेक्षा जास्त, साधारण १०१ ते १०२.५ फॅरनहाइट. पण तळवा आधीच तासभर चिखलात भिजून मऊ झाला असेल, तर गारांच्या धारदार कडा त्याला सहज कापतात. आणि पोट, छाती भिजली असेल तर वाऱ्यात अंग भराभर गार पडतं. कुत्रं थरथरत असेल तर त्याचं शरीर अजून झुंजत आहे. थरथर थांबली, तो सुस्त झाला, अडखळायला लागला, तर वेळ घालवू नका. पुसा, कोरड्या कापडात गुंडाळा, छातीशी धरा आणि खाली उतरा.

आम्ही ठाण्यापर्यंत गेलो नाही. नाल्याच्या पलीकडे भुऱ्या लंगडायला लागला आणि मी फिरलो. उतरताना मी भुऱ्याच्या गळ्यातला दोर मनगटाला गुंडाळला होता. भुऱ्या घसरला, त्याच्याबरोबर मीही गुडघ्यावर आलो, आणि त्याच्या गळ्याला फास बसून तो खोकायला लागला. त्या आवाजानं मला जे वाटलं ते मी इथं बोलून दाखवू शकत नाही. तेव्हापासून भुऱ्याच्या गळ्यात दोर नाही. जुन्या पलंगाची नवार घेतली, एक पट्टा छातीवरून, एक पुढच्या पायांच्या मागून पोटाखालून, दोन्ही पाठीवर आणून शिवले आणि दोर तिथं बांधला. घसरला तरी ओढ छातीवर बसते. आणि दोर नुसता मुठीत धरायचा, म्हणजे मूठ उघडली की सुटतो. मनगटाला गुंडाळायचा नाही, कमरेला बांधायचा नाही.

आता या सगळ्यात मला जे सगळ्यात जास्त सांगायचं आहे ते सांगतो.

घरी आल्यावर मी भुऱ्याचे पाय धुतले. निदान मला तसं वाटलं. दोन तांबे पाणी ओतलं आणि सोडून दिलं. संध्याकाळी तो ओसरीत पडून पुढचा डावा पाय चाटत होता. शेजारच्या मावशी कुडाच्या पलीकडून म्हणाल्या, "थो एकच पाय चाटते बाप्पू. आत काई तरी रुतलं असन. पाह्य त्याचा पाय."

मी म्हणालो, "थंडीनं चाटत असन मावशी."

तिसऱ्या दिवशी तिसऱ्या आणि चौथ्या बोटामध्ये बोराएवढी सूज आली. तालुक्याच्या गुरांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो. त्यांनी जागा बधिर करून चिमट्यानं आतून जे काढलं ते कुसळ होतं. पोचट, काळं, नखाएवढं बी.

कुसळी गवत आपल्या सगळ्या पडीक माळांवर आहे. धोतराला चिकटतं, पायमोज्यात शिरतं, आपण उपटून टाकतो. पण त्याची करामत बघण्यासारखी आहे. बियाच्या टोकाला सुईसारखं अणकुचीदार तोंड, त्यावर मागे वळलेले बारीक केस, आणि शेपटीला दोरीसारखा पीळ असलेली लांब मिशी. कोरडी असताना मिशी पिळलेली राहते. पाणी लागलं की पीळ सुटतो, सुकली की परत बसतो. प्रत्येक वेळी बी गिरमिटासारखं फिरतं आणि मागे वळलेल्या केसांमुळे फक्त पुढे सरकतं. मातीत स्वतःला पेरण्यासाठी गवतानं हे साधलं आहे. कुत्र्याच्या बोटांमधली ओली, मऊ कातडी त्याला मातीसारखीच. गारपिटीनंतर सगळं गवत आडवं पडलेलं, चिखलात कालवलेलं. त्या चिखलाच्या गोटीतच कुसळ होतं, आणि मी वरून पाणी ओतून समजलो की पाय धुतला.

म्हणून आता मी घरी आल्यावर घमेल्यात कोमट पाणी घेतो आणि एकेक पाय त्यात बुडवून धरतो. गोटी आपोआप विरघळते, ओरबाडावी लागत नाही. मग प्रत्येक दोन बोटांमध्ये माझं बोट घालतो, टोचतं का बघतो. कानाच्या आत, काखेत, शेपटीच्या मुळाशी बघतो, तिथं कुसळाबरोबर गोचीडही सापडतात. जुन्या धोतराच्या फडक्यानं कोरडं करतो आणि थोडं खोबरेल लावतो, चाटलं तरी अपाय नाही. अर्धा तास जातो. भुऱ्याला पहिल्यांदा हे अजिबात आवडलं नाही, आता तो स्वतःच पाय पुढे करतो.

डबक्यातलं पाणी पिऊ देऊ नका. उंदरांच्या मुतातून लेप्टो नावाच्या रोगाचे जंतू अशा साचलेल्या पाण्यात येतात, कुत्र्याला होतात आणि त्याच्याकडून माणसालाही. त्याची लस मिळते, रेबीजबरोबर तीही टोचून घ्या. आणि वर बसून शिदोरी सोडलीत तर भाकरीचा कोरडा तुकडा द्या, झुणका देऊ नका. कांदा कुत्र्याला बाधतो, त्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो.

अमरावती-नागपूरकडून रविवारी गाडीत लॅब्रॅडॉर, पामेरियन घेऊन आमच्याकडे येणारी मंडळीही ऐकत असतील. त्या कुत्र्यांचे तळवे फरशीवर वाढलेले असतात, त्यांना एकदम मुरमाचा चढ सोसत नाही. बोटांमधले केस लांब असतील तर चिखल दुपटीनं धरतात, निघण्याआधी कात्रीनं कमी करून या. आणि एक विनंती आहे, मेळघाटच्या अभयारण्यात कुत्रं नेऊ नका. १९७३ साली व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हा निवडलेल्या पहिल्या नऊ जंगलांत मेळघाट होतं. कुत्र्यांना होणारा डिस्टेंपर वन्य प्राण्यांनाही होतो. २०१८ साली गीरमध्ये सिंह मेले, त्यांच्यात तोच विषाणू सापडला होता. जंगलाबाहेरच्या डोंगरातही मोह गळायला लागला की पहाटे अस्वल असतं. मोकळं सोडलेलं कुत्रं त्याच्यावर भुंकतं, आणि अस्वल मागे लागलं की ते कुत्रं पळत तुमच्याकडेच येतं. दोर हातात असू द्या.

यंदाही महाशिवरात्रीनंतर गारा झाल्या, थोड्या. मी दोन सोमवार गेलो नाही. तिसऱ्या सोमवारी वाट वाळली होती, तरी नाल्यापाशी सावलीत ओल होती. भुऱ्या काठावर थांबला, पुढचा पाय उचलून माझ्याकडे पाहिलं. मी खाली बसलो, पाय हातात घेतला, बोटं फाकवून पाहिली. काही नव्हतं. तळवा गार होता. मी तो तसाच दोन्ही हातांत धरून बसलो, आणि मग आम्ही वरच्या अंगानं, उन्हातल्या वाटेनं वळसा घेऊन गेलो.

नमस्कार.