साठ वर्षं, पण कुठून मोजायची?

जुनं पुस्तक पुन्हा छापायचं ठरलं की पहिला प्रश्न ठरलेला: लेखक कधी गेले? प्रश्न बरोबर आहे, कारण आपल्याकडे पुस्तकावरचा कॉपीराइट, म्हणजे ते छापण्याचा हक्क, लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. पुढचा हिशेब चुकतो. साने गुरुजी ११ जून १९५० रोजी गेले. त्यात ६० मिळवले की जून २०१० येतो. पण कायदा तारीख बघतच नाही. मोजणी सुरू होते पुढच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून, म्हणजे १९५१ पासून. ‘श्यामची आई’वरचा हक्क संपला ३१ डिसेंबर २०१० ला. त्याआधी परवानगीशिवाय काढलेली आवृत्ती बेकायदाच ठरली असती.

काही जण ७० वर्षं धरतात. ती युरोपातली मुदत. आपल्याकडे आधी ५० होती. रवींद्रनाथ १९४१ साली गेले, त्यामुळे १९९१ अखेर त्यांचं साहित्य मोकळं होणार होतं. नेमक्या त्याच सुमारास मुदत १० वर्षांनी वाढली, आणि ती सगळ्यांनाच लागू झाली.

खरी मेख आहे ती मरणोत्तर प्रकाशनात. डॉ. बाबासाहेब आंबेडकर डिसेंबर १९५६ मध्ये गेले, म्हणून २०१७ पासून त्यांचं सगळंच लेखन खुलं, असं धरून चालू नका. जे हयातीत छापलं गेलं, तेवढंच त्या दिवशी मोकळं झालं. ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ छापून आला १९५७ मध्ये. हयातीत प्रसिद्ध न झालेल्या लेखनाची मुदत पहिल्या प्रकाशनापासून मोजतात, म्हणून त्याला आणखी एक वर्ष मिळालं. एका वर्षाचं काय एवढं, असं वाटेल. मग ‘रिडल्स इन हिंदुइझम’ बघा. हस्तलिखित तसंच राहिलं होतं, महाराष्ट्र शासनाने ते १९८७ साली छापलं. त्याची मुदत जाते थेट २०४७ अखेरपर्यंत! एकच लेखक, मृत्यूचं साल एकच, आणि तीन वेगवेगळ्या तारखा. म्हणून समग्र वाङ्मयाचा खंड हाती आला की प्रत्येक लेखापुढे पहिल्या प्रकाशनाचं साल लिहून काढा. कंटाळवाणं काम आहे, पण त्याला पर्याय नाही.

अनुवादाचा हिशेब आणखी वेगळा. मूळ पुस्तक मोकळं असलं तरी अनुवादकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं त्याचा हक्क राहतो. चित्रपट आणि ध्वनिमुद्रण यांची ६० वर्षं प्रकाशनापासून.

शेवटी स्कॅनिंगबद्दल. मजकूर मोकळा झाला म्हणून घरातली १९९० ची आवृत्ती उचलून जशीच्या तशी स्कॅन करू नका. तिच्यातली नवी प्रस्तावना, आतली चित्रं, मुखपृष्ठ ही दुसऱ्यांची निर्मिती असते, आणि ज्याची त्याची मुदत वेगळी. शक्यतो लेखकाच्या हयातीतली आवृत्ती शोधा. चित्रकाराचं नाव कुठेच नसेल, तर चित्राच्या प्रकाशनापासून ६० वर्षं धरतात. मात्र मुदत संपण्याआधी नाव उघड झालं, तर पुन्हा त्याच्या मृत्यूपासून मोजायचं.