नाशिकचा जन्म, कार्डिंग्टनची माती

नमस्कार श्रोतेहो. इंग्लंडमधल्या बेडफर्ड शहराला लागून, चारेक किलोमीटरवर, कार्डिंग्टन नावाचं एक खेडं आहे. मधोमध हिरवळ, कडेनं जुनी घरं, सेंट मेरीचं चर्च, जवळच एक पब. तुरुंगांच्या सुधारणेसाठी आयुष्य वेचणारे जॉन हॉवर्ड इथं राहायचे आणि बिअरच्या धंद्यात गब्बर झालेलं व्हिटब्रेड घराणंही इथलंच. एवढ्याशा गावाला खरं तर एवढी ओळख पुरली असती. पण गावाबाहेर शेतांच्या पलीकडे नजर टाकली, की दोन राक्षसी शेड दिसतात. प्रत्येकीची उंची सुमारे १५० फूट, लांबी ८०० फुटांच्या वर. चर्चचा मनोरा त्यांच्यापुढे अगदीच बापुडा वाटतो.

पहिल्या महायुद्धात शॉर्ट ब्रदर्स कंपनीनं इथं एअरशिप, म्हणजे हलक्या वायूच्या जोरावर तरंगणारी आणि इंजिनांनी चालणारी प्रचंड हवाई जहाजं, बांधायला सुरुवात केली. कामगारांसाठी शेजारी वस्ती वसवली, ती शॉर्ट्सटाउन. पुढे सरकारनं कारखाना ताब्यात घेतला आणि ‘आर १०१’ नावाची एअरशिप इथंच आकाराला आली. बारा डब्यांच्या लोकलपेक्षा थोडीशीच कमी लांबी, म्हणजे ७७७ फूट. पोलादी सांगाड्याच्या आत हायड्रोजननं भरलेल्या पिशव्या, आणि त्या पिशव्यांना अस्तर कशाचं? बैलांच्या आतड्यांच्या पापुद्र्याचं! हायड्रोजन निसटू नये म्हणून. पापुद्रे खरवडून साफ करायचे, ओले असतानाच एकाला एक जोडत कापडावर चिकटवायचे, हे काम बायका करत. त्या खात्यात वास काय सुटत असेल, याची कल्पनाच केलेली बरी. वर प्रवाशांसाठी बैठकीची दालनं, फिरायला सज्जा, आणि एवढ्या हायड्रोजनखाली चक्क धूम्रपानाची खोलीसुद्धा!

आता आपल्याकडचा धागा. या योजनेचे कर्तेधर्ते होते हवाई खात्याचे मंत्री लॉर्ड थॉमसन. लष्करी घराण्यातला हा माणूस १८७५ साली जन्मला तो आपल्या नाशकात. उमराव झाल्यावर पदवी घेताना त्यांनी गाव निवडलं कार्डिंग्टन. आर १०१ मधून त्यांना जायचं होतं कराचीला, जे तेव्हा मुंबई इलाख्यातच मोडत होतं. तिथंही एक प्रचंड शेड उभारून ठेवली होती. थॉमसन पुढचे व्हाइसरॉय होणार, अशी कुजबुज लंडनमध्ये होतीच. जन्मभूमीत आकाशातून उतरायचं, हा थाट कुणाला नको असेल?

अडचण एवढीच, की जहाज जड झालं होतं. वजनाच्या मानानं उचल कमी पडत होती, म्हणून १९३० च्या उन्हाळ्यात ते मधोमध कापून वायूची आणखी एक पिशवी बसेल एवढा भाग जोडला. त्यानंतर चाचणीचं उड्डाण झालं ते एकच, आणि तेही पुरतं नाही. साम्राज्य परिषदेसाठी मंत्रिमहोदयांना ऑक्टोबरमध्येच परतायचं होतं, त्यामुळे ४ ऑक्टोबरच्या संध्याकाळी, हवामान बिघडत असताना, जहाज ज्या मनोऱ्याला बांधून ठेवलं होतं, त्यापासून सुटलं. उचल मिळावी म्हणून निघतानाच टनावारी पाणी खाली सोडावं लागलं. रात्री दोननंतर फ्रान्समध्ये बोव्हे गावाजवळ ते जमिनीला टेकलं आणि पेटलं. ५४ जणांपैकी ४८ गेले, थॉमसनसुद्धा. नेमकं काय फाटलं, यावर जाणकार अजून वाद घालतात. मला विचाराल तर मुहूर्त गाठायची घाई हेच त्यातलं मोठं कारण.

वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये शवपेट्या दर्शनाला ठेवल्या, मग खास रेल्वेगाडीनं बेडफर्डला आणल्या. अनेकांची ओळखच पटली नव्हती. म्हणून ४८ जणांना कार्डिंग्टनच्या दफनभूमीत एकाच मोठ्या खड्ड्यात पुरलं, मंत्री आणि यंत्रावर राबणारी माणसं शेजारी शेजारी. मानपान, हुद्दे यांच्याबाबतीत इतका काटेकोर असलेला तो देश, पण इथं इलाज नव्हता. अवशेषांतून मिळालेला जहाजाचा होरपळलेला झेंडा आज चर्चमध्ये आहे. विचार करा, कर्मचाऱ्यांपैकी कितीतरी जण याच परिसरात राहणारे. शॉर्ट्सटाउनमध्ये त्या रविवारी सकाळी घराघरांत काय चाललं असेल!

एअरशिपचा कारभार लवकरच गुंडाळला गेला. कॅनडाला जाऊन सुखरूप परतलेली, आर १०१ ची बहीण ‘आर १००’ सुद्धा भंगारात काढली. दुसऱ्या महायुद्धात विमानांना अडवण्यासाठी हवेत सोडायचे फुगे हाताळायचं शिक्षण इथं दिलं जाई आणि युद्धानंतर सक्तीच्या सैनिकी सेवेत आलेल्या हजारो पोरांना हवाई दलाचा पहिला गणवेश इथंच मिळाला. शेडमध्ये आता सिनेमाची चित्रीकरणं होतात. भोवती नव्या घरांची वस्ती वाढतेय.

तरी एअरशिपनं या गावाची पाठ सोडली असं समजू नका. ऑगस्ट २०१६ मध्ये ९२ मीटर लांबीची ‘एअरलँडर’ इथूनच उडाली. या वेळी हायड्रोजन नव्हता, हेलियम होता. पहिलं उड्डाण ठीक झालं. आठवडाभरानं दुसऱ्या उड्डाणात उतरताना तिनं नाक जमिनीवर आपटलं. आतले सगळे सुखरूप होते आणि दुरुस्तीनंतर पुढच्या वर्षी ती पुन्हा उडालीदेखील.