सातपट तांदूळ आणि नांदेडच्या तीन लोंब्या

नमस्कार श्रोतेहो.

आज तांदळाबद्दल बोलू या. आधी एक हिशेब सांगते, तेवढा कानात राहू द्या. 1950-51 साली आपल्या देशात 2 कोटी 6 लाख टन तांदूळ पिकला होता. 2023-24 साली पिकला 13 कोटी 78 लाख टन. म्हणजे जवळपास सातपट. आणि भाताखालची जमीन? ती 3 कोटी 8 लाख हेक्टर होती, 2023-24 साली पावणेपाच कोटींच्या आसपास झाली. पुन्हा सांगते. जमीन दीडपट, तांदूळ सातपट.

मग उरलेला तांदूळ आला कुठून? त्याच जमिनीतून. एका हेक्टरात तेव्हा सरासरी 668 किलो तांदूळ निघायचा, आता 2800 किलोंच्या वर निघतो. यात कालवे आले, खत आलं, विजेचे पंप आले, हमीभाव आला. पण त्याआधी बियाणं बदललं. जुनी भातं उंच वाढायची. त्यांना खत घातलं की ती आणखी उंच व्हायची आणि ऐन दाणा भरायच्या वेळी आडवी पडायची. 1960 नंतर तैवानहून तायचुंग नेटिव्ह-वन आलं, फिलिपाइन्समधून आयआर-8 आलं, आणि 1968 साली आपल्याच शास्त्रज्ञांची जया आली. बुटकी, ताठ, खत पचवणारी वाणं. पंजाबात तर घरोघरी पोळी खातात, तरी तिथं मैलोन् मैल भात उभा राहिला. त्या भातानं पंजाबचं भूजल किती खोल नेलं, तेही बोललं पाहिजे. पावसाआधी रोवणी करू नका, हे सांगायला तिथल्या सरकारला 2009 साली कायदा करावा लागला. माझं मत विचाराल, तर भात पावसाच्या मुलखातच शोभतो.

पण पावसावर सगळं सोडलं तर काय होतं, तेही बघा. 2001-02 साली 9 कोटी 33 लाख टन तांदूळ झाला, आणि पुढच्याच वर्षी दुष्काळात तो 7 कोटी 18 लाखांवर आला. एका पावसाळ्यात दोन कोटी टनांहून जास्त घट.

आता मी तुम्हाला चंद्रपूर जिल्ह्यात नेते. नागभीड तालुक्यात नांदेड नावाचं गाव आहे. मराठवाड्यातलं नव्हे, हे धानाच्या मुलखातलं छोटं नांदेड. तिथं दादाजी रामाजी खोब्रागडे राहायचे. शिक्षण तिसरीपर्यंत, जमीन दीडेक एकर. 1983 साली त्यांच्या बांधीत पटेल-3 जातीचं धान उभं होतं. फिरता फिरता त्यांना तीन लोंब्या वेगळ्या दिसल्या. दाण्याचा रंग निराळा, पिवळसर. तीनच लोंब्या, श्रोतेहो! कापणीच्या घाईत कोण थांबतं? विळा चालला असता, भारे खळ्यावर गेले असते आणि त्या लोंब्या बाकीच्या धानात मिसळून गेल्या असत्या. दादाजी थांबले. त्यांनी त्या लोंब्या वेगळ्या खुडल्या आणि प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवल्या.

पुढच्या वर्षी त्यांनी ते दाणे शेताच्या मध्यभागी पेरले. शेत जंगलाला लागून, रानडुकरांचा त्रास. म्हणून त्या चिमूटभर पिकाभोवती काटेरी फांद्या लावल्या. पीक आलं, दाणे वाढले. त्यातली चांगली निवडायची, वेगळी ठेवायची, पुन्हा पेरायची. असं वर्षामागून वर्ष. प्रयोगशाळा नाही, अनुदान नाही, शेजारी सांगणारा शास्त्रज्ञ नाही. दरवर्षी धान निसवलं की बांधावर उभं राहून बघायचं आणि वेगळं दिसेल ते बाजूला काढायचं, एवढीच रीत. दाणा बारीक निघाला, उत्पन्न मूळ जातीपेक्षा जास्त आलं आणि शिजवून पाहिलं तर भात चवीलाही सरस.

1990च्या सुमाराला हे बियाणं बाजारात गेलं तेव्हा त्याला नाव नव्हतं. त्या काळी लोकांच्या मनगटावर एचएमटीचं घड्याळ असणं मोठ्या मानाचं. व्यापाऱ्यांनी तेच नाव देऊन टाकलं. एचएमटी! तुमच्या डब्यातला एचएमटी तांदूळ तो हाच. नांदेडच्या तीन लोंब्यांपासून निघालेला, आणि मग राज्याराज्यांत पसरलेला.

इथं एक सांगायचंच आहे. हा तांदूळ घेताना आपण तो अगदी पांढराशुभ्र मागतो. गिरणीवाला मग पॉलिश करत सुटतो आणि दाण्यावरचा कोंडा, त्यातली जीवनसत्त्वं, सगळं जातं. थोडा मळकट तांदूळ घ्या, चव त्यातच आहे. आणि पेज फेकू नका, पोरांना मीठ घालून द्या.

तर दादाजी. ते एचएमटीवर थांबले नाहीत. नांदेड हिरा, विजय नांदेड, डीआरके, अशी एकामागून एक वाणं त्यांनी निवडून काढली. एचएमटीचं बियाणं पंजाबराव कृषी विद्यापीठाकडे, म्हणजे पीकेव्हीकडे गेलं आणि 1998 साली पीकेव्ही एचएमटी हे वाण प्रसारित झालं. आम्ही ते शुद्ध केलं, असं विद्यापीठाचं म्हणणं. श्रेय मला मिळालं नाही, असं दादाजींचं म्हणणं. 2005 साली राष्ट्रपती अब्दुल कलामांच्या हस्ते त्यांचा गौरव झाला. 2010 साली फोर्ब्स मासिकानं देशातल्या ग्रामीण उद्योजकांच्या यादीत त्यांचं नाव घेतलं. पण घरात पैसा आला नाही. लाखो एकरांवर त्यांचं धान डोलत होतं आणि 3 जून 2018 रोजी दादाजी गेले ते गरिबीतच. मला हे अजूनही सहन होत नाही. जमीन दीडपट आणि तांदूळ सातपट, असं आपण अभिमानानं म्हणतो, त्या सातपटीत या माणसाचा वाटा आहे. तो मोजायची सोय आपण वेळेवर केली नाही.

सोय आता आहे. 2001 साली पिकांच्या वाणांचं संरक्षण आणि शेतकऱ्यांचे हक्क यांचा कायदा झाला. त्यात शेतकऱ्याला स्वतः जपलेलं, निवडलेलं वाण स्वतःच्या नावावर नोंदवता येतं, आणि शेतकऱ्याला नोंदणीचं शुल्क नाही. हेही पुन्हा सांगते, शुल्क नाही. भंडाऱ्यात, गोंदियात, गडचिरोलीत, कोकणात, ज्यांच्या कणगीत असं घरचं बियाणं असेल त्यांनी जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात जाऊन अर्जाची चौकशी करावी. जाताना थोडं बियाणं सोबत न्या, आणि ते किती वर्षांपासून, कुणाच्या हातून चालत आलं, ते कागदावर लिहून न्या. यंदाच्या रोवणीपूर्वी एवढं कराच.

नमस्कार.